भांडगावच्या ओढ्याकाठचा दगड

मला सायकल येत होती. फक्त तिच्यावर चढता येत नव्हतं आणि तिच्यावरून उतरता येत नव्हतं.

हे सांगितलं की लोक हसतात, पण यात तिखटमीठ काही नाही. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, तळ्यांच्या मुलखातलं. लहान तळ्याला तिकडे बोडी म्हणतात. गावात सायकल एकच, ती गुरुजींची. बोडीवर नेऊन ती धुवायची आणि बदल्यात पाळीवरून एक फेरी मारायची, असा माझा आणि गुरुजींचा करार होता. सायकल घाटाच्या पायरीला लावायची, पायरीवर उभं राहून टांग पलीकडे टाकायची, की निघालो. फेरी मारून परत त्याच पायरीशी यायचं आणि पाय टेकायचा. पुढे सातवीनंतर शाळा सुटली, गुरुजींची बदली झाली, सायकलही गेली. पायरीशिवाय सायकलवर कसं बसतात, हे शिकायची वेळच आली नाही.

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या साली मी विशीत होतो. मावशीचे यजमान, माझे काका, पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात वरवंडच्या तलावावर चौकीदार होते. त्यांनी पत्र पाठवून मला बोलावून घेतलं आणि केडगावच्या कचेरीत ओव्हरसियरसाहेबांपुढे उभं केलं. साहेब अंगानं भारी, बोलणं थोडं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"शिक्षण?"

"सातवी, साहेब."

"सायकल येते?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "येते म्हणजे काय साहेब! तळ्याकाठी वाढलेला मुलगा आहे."

तळ्याचा आणि सायकलचा काय संबंध, हे साहेबांनी विचारलं नाही. मला रोजंदारीवर घेतलं. सहा महिने काम नीट केलं तर कायम करायचं ठरलं. तिकडे आईनं पोरगा सरकारी नोकरीला लागला म्हणून गावभर सांगून टाकलं. नोकरी गेली असती तर माझ्याबरोबर काकांचा शब्दही गेला असता, आणि सातवी झालेल्या माणसाला परमुलखात दुसरं कोण उभं करणार? मी मुळातच घाबरट. त्या सहा महिन्यांत मी ज्या ज्या गोष्टींना भ्यालो त्यांची यादी केली तर वही भरेल. तिच्यात पहिलं नाव सायकलचं.

काम सोपं होतं. सकाळी वरवंडच्या तलावात उभ्या केलेल्या पट्टीवर पाणी किती फूट आहे ते पाहायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं. मग सोलापूर रस्त्यानं चौफुल्यावरून भांडगावाकडे जायचं, तिथून आत वळून मातोबा तलावाचं पाणी पाहायचं आणि दोन्ही चिठ्ठ्या अकराच्या आत केडगावच्या कचेरीत पोचवायच्या.

पहिल्या आठवड्यातच मी वाटेवरचे सगळे दगड पाठ केले. वरवंडला सांडव्याची बुटकी भिंत होती, तिच्यावरून चढायचो. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामात फोडलेल्या खडीचे ढीग होते, अडीनडीला ते. मातोबा तलावाच्या बांधावर पाणी सोडायच्या मोरीचा कट्टा होता आणि केडगावात कचेरीचा ओटा. लोक या भागात देवळं आणि तलाव पाहतात, मी पायरीची उंची पाहायचो. दूर भुलेश्वरचा डोंगर दिसला की मनात यायचं, तिथं पायऱ्या भरपूर असतील.

एकदा बसलो की मात्र माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता. सकाळचं ऊन पाठीवर, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि मध्येच तलावाचं पाणी असं उघडं पडायचं की घराची आठवण यायची आणि जायचीही. पाण्यावर बगळे, पाणकावळे पंख वाळवत बसलेले. हे सगळं मला पाहायला मिळतंय आणि वर याला नोकरी म्हणतात, याचं मला रोज नवल वाटायचं.

अडचणीची जागा एकच होती. भांडगावच्या पुढे आत वळलं की ओढा लागायचा. वाळूत घातली की सायकल आपोआप थांबायची, म्हणजे उतरायचा प्रश्न मिटला. सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला की पलीकडे एक पडकं शिवालय आणि त्याच्यापुढे अर्धा पुरलेला, गुडघाभर उंचीचा दगड. त्याच्या ओढ्याकडच्या अंगावर कोरीवकाम होतं. घोड्यावर बसलेला वीर, हातात भाला, खाली गायी, वर पिंडीची पूजा. कुठल्या काळी कोण गायींसाठी लढून पडला होता, कोण जाणे. माथा मात्र सपाट आणि माझ्या पायाच्या मापाचा.

कोरलेल्या दगडावर चपलेनं उभं राहणं मला पटेना. म्हणून मी आधी चपला काढायचो, त्या हँडलला अडकवायचो, "माफ कर रे बाबा" म्हणून वाकून दगडाला हात लावायचो आणि मगच पाय ठेवायचो. मातोबा तलावापर्यंत अनवाणी पायडल मारायचो.

ओढ्यापलीकडे एक आप्पा मेंढरं राखत बसलेले असत. त्यांच्या घरची पूर्वी शेकडो मेंढरांची खांडं होती, आता शेती आणि उरलेली दहा-बारा मेंढरं. महिनाभर ते लांबून नुसते पाहत होते. मग एके दिवशी हाक आली.

"ओ पाव्हणं! नवस हाय का काय?"

"अं?"

"रोज चपला काढून पाया पडतायसा. म्हनून इचारलं. गुण येतुय का?"

खरं सांगायची लाज वाटली. "येतो की," मी म्हणालो.

"व्हय? मलाबी वाटलंच हुतं. तुम्हीच न्हाई, आणिक बी थांबत्यात हितं," आप्पा म्हणाले आणि विचारात पडले.

पुढच्या आठवड्यात दगडावर दोन फुलं दिसली. मी ती बाजूला ठेवून पाय दिला आणि दिवसभर मन खात राहिलं. त्यानंतर हळदकुंकू आलं. आणि एका मंगळवारी पाहतो तर सगळा दगड शेंदरानं लाल, वर तेलाची धार, पुढे नारळाची शकलं. वीराचा घोडासुद्धा लाल झालेला. आप्पा मेंढरांतून हात करत होते. "वस्तीवरल्या बाया म्हनल्या, आपल्या दारात देव आन् आपुन आंधळं! झ्याक झालाय न्हवं?"

"छान झालाय," मी म्हणालो, आणि सायकल हातात धरून चालू लागलो.

शेंदरी देवावर पाय कोण देईल? तिथून मातोबा तलावापर्यंत वाट सपाट, ना खडीचा ढीग ना कट्टा. तीन दिवस मी ती चालत गेलो आणि तीनही दिवस कचेरीत पोचायला बारा वाजून गेले.

"उशीर?" साहेबांनी विचारलं.

"पंक्चर, साहेब."

"तीन दिवस?"

"काटे फार आहेत."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "परवा मी येतो तुझ्याबरोबर सायकलीवर. वरच्या साहेबांना दोन्ही तळ्यांचा रिपोर्ट द्यायचाय. तुझे काटेही बघतो."

सायकलवर बसता न येणारा माणूस सायकलीच्या कामाला ठेवलाय, हे परवा ओढ्याकाठी उघडं पडणार होतं. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून मी सरळ आप्पांपुढे जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. बोडीची पायरी, चपला, नवस नव्हताच, सगळं.

आप्पा इतके हसले की मेंढरं दचकून बाजूला झाली.

"म्हंजी आमच्या बायांनी तुज्या पायरीला शेंदूर लावला?"

"माफ करा, आप्पा."

"आरं, मला कशापायी माफी मागतूस? त्याला माग." त्यांनी दगडाकडे बोट दाखवलं. "आन् त्याला कोन बसवीत हुतं रं घोड्यावर? रानात काय जागूजाग वट्टं बांदलं हुतं?"

"मला काय माहीत?"

"मला हाय. आमच्यात पाल बदलायचं म्हनलं की बिऱ्हाड तट्टावर आसायचं. मी सायकलीला हात लावला न्हाई कवा, पर तट्टावर बसलोय. ऊठ. डावा पाय हितं." त्यांनी डाव्या पायडलवर काठी आपटली. "उजव्या पायानं भुई ढकलायची. एकदा, दोनदा. ती पळाया लागली की टांग मागनं टाकायची. उभ्या जनावरावर बसाया गेलं की ते लाथ मारतं. चालत्यावर बसावं."

पहिल्यांदा मी पलीकडे पडलो. दुसऱ्यांदा अलीकडे. तिसऱ्यांदा विजार शिवणीत उसवली आणि आप्पा म्हणाले, "आता टांग मोकळी झाली, आता बसशील." आणि खरंच, पाचव्या-सहाव्या वेळी मी सीटवर होतो आणि सायकल चालू होती. मागून आप्पा ओरडत होते, "आरं, उतरायचं शिकलास का?" ते शिकलो नव्हतो. वळून ओढ्याच्या वाळूत घातली.

ठरल्या दिवशी साहेब वरवंडच्या चौकीवर आले. काकांनी चहा दिला. साहेबांनी सांडव्याच्या भिंतीशी सायकल लावून आरामात टांग टाकली. मी मात्र मोकळ्या बांधावर दोनदा भुई ढकलून बसलो. काका माझ्याकडे असे पाहत होते की मला अजून आठवतं. त्यांनाही सगळं ठाऊक होतं की काय?

साहेब वाटेत खुलले. चौफुल्यापासून बोलतच होते. हा रस्ता किती जुना, तलाव बांधले तेव्हा माती कशी गाढवांवरून आणली, असं काय काय. कचेरीत गप्प बसणारा माणूस सायकलवर इतका बोलतो, हे मला नवीन होतं. एका चढाला त्यांना धाप लागली, तेव्हा मी मुद्दाम हळू झालो. तेही त्यांच्या लक्षात आलं असावं.

ओढा आला. दोघांनीही सायकली वाळूत घातल्या. मी आधी माझी पलीकडे नेली, मग त्यांची. साहेब पँट सारखी करत वर आले, दोन पावलं चालले आणि दगडापुढे उभेच राहिले. बराच वेळ त्यांनी लाल घोडा, लाल भाला पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले,

"इथं एक दगड होता ना रे?"

"हाच तो, साहेब."

"हे कुणी केलं?"

"गावानं."

मेंढरांतून आप्पांची हाक आली. "रामराम साहेब! लई दिसांनी! आवं, तुमीबी चपला काढून पाया पडायचासा न्हवं का?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या दगडासारख्या लाल झाल्या. मी आकाशात बगळे शोधू लागलो. थोड्या वेळानं खांद्यावर भारी हात पडला.

"धर जरा," साहेब म्हणाले.

मी सायकल घट्ट धरली. खांद्यावर भार देऊन त्यांनी टांग टाकली, मी मागून ढकललं आणि ते निघाले. मग मी दोनदा भुई ढकलली आणि माझ्या सायकलवर बसलो. मागे आप्पा खोकल्यासारखं काहीतरी करत होते.

मातोबा तलावाच्या बांधापर्यंत साहेब मागं वळून न पाहता पायडल मारत होते. बांधावर चढल्यावर म्हणाले, "पंक्चर कुठं कुठं होतं तुझं?"

"आता नाही होत, साहेब."

"माझं होतं," ते म्हणाले. पुढे पाण्याकडे पाहत हुकूम सोडला, "ओढ्यापासून बांधापर्यंत दोन-तीन ठिकाणी चांगले सपाट दगड रचून घे. कोणी विचारलं तर सांग, मोजणीच्या खुणा आहेत. आणि सहा महिने भरले की अर्ज आण, कायम व्हायचा. अक्षर नीट काढ."

अर्ज मी चार वेळा लिहिला. कायम झाल्याचा कागद हातात पडला त्या सकाळी ओढ्याकाठी थांबलो, चपला काढल्या आणि नारळ फोडला. आप्पांनी अर्धं खोबरं घेतलं, दगडाकडे पाहिलं आणि विचारलं, "आज खरा नवस, का परत ढोंग?"

"आज खरा," मी म्हणालो.