मोटार हुंगणारा माणूस

मंचरला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारा एक कारागीर आहे. मोटार आली की तो आधी ती हुंगतो आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणतो, "कोरडी चालवली." विहिरीत पाणी नसताना बटण दाबणारा शेतकरी मग खाली बघतो.

त्याच्या दारावर माझं व्यसनमुक्तीचं पत्रक आहे. त्यातला प्रत्येक शब्द मी पोटतिडकीने लिहिलाय. परवा त्याच विषयावर अवसरीला भाषण द्यायला निघालो होतो आणि खिशातली, बंदी असलेली, वापरून फेकायची ई-सिगारेट, म्हणजे व्हेप, ओढताना करपलेली लागत होती. मी ती त्याच्यापुढे ठेवली.

"मित्राची आहे."

त्याने ती हुंगली आणि उघडली. आत तारेच्या वेटोळ्याभोवती काळा पडलेला कापूस होता.

"रस कापसात मुरायला येळ लागतो, भाऊ. घाईनं दम मारलं, नायतर रस संपला, की कोरडा कापूस जळतो."

"नवा रस भरला तर?" मी मित्राच्या काळजीने विचारलं.

"जळकी चव जायची न्हाई."

बाकावर दोन शेतकरी बसले होते. आता तो ते नेहमीचं वाक्य मोठ्याने म्हणणार, म्हणून मी अंग चोरलं. तो माझ्याकडे वाकला, त्याने एकदा मलाच हुंगलं आणि अगदी हळू म्हणाला, "मित्र लई जवळचा दिसतोय."

अवसरीत मी ठरलेलं भाषण केलं. सगळा वेळ खाली बघून.