मावशीचा उंच टीपॉय

मावशीनं बुटांच्या दुकानात सत्तावीस वर्षं नोकरी केली. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या पायांकडे एक नजर टाकायची आणि नेमक्या मापाचं खोकं काढायची. दुकानातले लोक तिला ‘नंबरबाई’ म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडायचं. दुकान बंद झालं तेव्हा मालक म्हणाले, "सामानातलं हवं ते घेऊन जा." तिनं बुटांचा एक रॅक उचलला. चार फूट उंच, सव्वा फूट रुंद, फूटभर खोल, एकावर एक चार कप्पे. घरी आल्यावर त्याला जागाच सापडेना. शेवटी जुन्या छत्र्या आणि रिकाम्या बरण्या पोटात घेऊन तो तीन वर्षं पॅसेजमध्ये उभा राहिला.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिंपी. टेप गळ्यात नसला तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. मावशी डोळ्यांनी मोजायची, काका टेपनं, आणि पडद्याच्या लांबीवरून दोघांची हटकून जुंपायची.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. त्यांचं दुकान आवरलं, कापड कापायच्या टेबलाची सागवानी फळी पलंगाखाली गेली. बोलता येत होतं, तरी माणूस बोलेनासा झाला. सोफ्यावर बसून खिडकीबाहेर पाहायचा.

सोफ्यासमोरचा टीपॉय होता बुटका. कप घ्यायला वाकलं की काकांचा तोल जायचा. म्हणून मावशी कप त्यांच्या तोंडाशी धरायची. एकदा त्यांनी तोंड फिरवलं. "मी काय तान्हं बाळ आहे?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चहा सोडला मी." दिवसाला सहा कप पिणारा माणूस!

त्याच दुपारी तिनं रॅक ओढत बाहेर आणला, आतलं सामान जमिनीवर ओतलं आणि रॅक कुशीवर आडवा पाडला. चार फूट लांब, पंधरा इंच उंच. म्हणजे नुसते पाय लावायचे की झाला उंच टीपॉय. शिवाय औषधं ठेवायला कप्पे आयतेच. खालच्या मजल्यावरच्या सुतारदादांना तिनं हाक मारली.

त्यांनी रॅकवर बोटानं टकटक केलं. "ताई, हा सगळा भुसा दाबून केलेला माल. याच्यात स्क्रू धरणार नाही. खालून दोन लाकडी पट्ट्या आडव्या मारतो, पाय त्यांना बसवू. पण उंच हवा, हलका हवा, हलायला नको, वर कप्पेही हवेत. तुम्हाला आखूडशिंगी, बहुदुधी गाय हवीये!"

"पाय तेरा इंचाचे करा," मावशी म्हणाली. सोफ्यावर बसलेल्या काकांकडे तिनं एकदा पाहिलं होतं, तेवढं तिला पुरेसं होतं.

संध्याकाळी टीपॉय काकांच्या पुढ्यात आला. मावशीनं वर चहा ठेवला. "घ्या. आता वाकायला नको."

काकांनी डावं कोपर वर टेकवलं. खांदा पार कानाशी गेला. कप उचलताना कलंडला आणि अर्धा चहा लेंग्यावर सांडला.

"मला विचारलंस?" काका म्हणाले.

"अहो, अंदाज घेतला होता मी..."

"पायाचा नंबर कळतो तुला. मी काय नुसता पाय आहे?"

मावशी लेंगा पुसायला वाकली होती, ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून उभी राहिली. सात महिने अंघोळ, औषधं, व्यायाम, सगळं तिनं एकटीनं ओढलं होतं. राग आला, रडूही आलं. पण नंतर मला सांगताना ती म्हणाली, "तेव्हा जाणवलं बघ. मी त्यांचं सगळं करत होते. त्यांना मात्र काहीच करू देत नव्हते."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "टेप आण."

शिलाई मशीनच्या खणातून तिनं टेप आणला. काकांनी तिला एक टोक जमिनीवर धरायला लावलं आणि दुसरं डाव्या हातानं आपल्या कोपरापर्यंत ओढलं. "खांदा सैल सोडल्यावर कोपर कुठे येतं, ते माप. चोवीस. वरच्या फळीचा एक इंच धरून."

"वरची कसली फळी?"

"हा रॅक वरून जेमतेम फूटभर रुंद. एवढ्याशा जागेत कप ठेवू की कोपर? पलंगाखालची फळी काढ."

"ती कापायची?" मावशीनं टेपचं टोक सोडलं.

"कापायचीच फळी आहे ती."

मावशीला हसू फुटलं. झटक्यानंतर काकांनी केलेला तो पहिला विनोद.

दुसऱ्या दिवशी सुतारदादा करवत घेऊन आले. पाय आठ इंचांवर आले. फळीवर खडूची रेघ मात्र काका स्वतः ओढणार म्हणून अडून बसले. डाव्या हाताची रेघ वाकडी गेली. पुसली. पुन्हा वाकडी. सुतारदादांनी करवत खाली ठेवली. चौथी रेघ बरी आली, तेव्हा हात झटकून काका म्हणाले, "आता करवत चालवा."

"जरा इकडे धरा, तिकडे नको," असं ते पुढचा तासभर सोफ्यावरून सांगत राहिले.

"उंटावरून शेळ्या हाकताय अगदी," मावशी म्हणाली, पण धरलं मात्र त्यांनी सांगितलं तिथेच.

पहिले काही दिवस चहा सांडतच होता. पुसायचं फडकं काकांनी आपल्या हाताशी ठेवून घेतलं. उजवा हात काही परत आला नाही. डॉक्टरांनीही तशी आशा दाखवली नव्हती.

गेल्या महिन्यात मी गेले तर टीपॉयवर शेजारणीचा पडदा पसरलेला. काकांनी डाव्या हातानं खुणा केलेल्या, मावशीच्या हातात कात्री.

"बोटभर जास्त ठेवा," मावशी म्हणत होती, "खिडकी पाहिलीये मी."

"पाहिलीस ना? आता जाऊन मोजून ये," काका म्हणाले.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, टेप उचलला आणि चपला पायांत सरकवून शेजारी गेली.