एकतीस किलोमीटरचा मुक्काम

शिक्षकांना शाळेत जाण्या-येण्यासाठी सवलतीत इलेक्ट्रिक गाडी मिळणार, असा मेसेज आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी चौथीच्या पोरांना भागाकार शिकवत होतो. तो मेसेज मी तीनदा वाचला. गणित नीट वाचत नाहीत म्हणून पोरांवर खेकसणारा माणूस मी, पण स्वस्तात काही मिळतंय म्हटलं की माझं स्वतःचं वाचन एकदम सुधारतं.

राहायला मी जालन्यात आणि शाळा मंठा रोडवरून आत एका खेड्यात. अंतर एकतीस किलोमीटर. माझी जुनी मोटारसायकल रोज सकाळी पंधरा-वीस किका खाल्ल्याशिवाय हलायची नाही, आणि तेवढ्या वेळात गल्लीतले तिघे-चौघे तरी "काय गुरुजी, आज सुट्टी का?" असं विचारून जायचे. या रोजच्या जाण्या-येण्यालाच आम्ही मास्तर लोक अप-डाऊन म्हणतो. निम्मी नोकरी माझी त्यातच गेली.

अर्जात 'निवासस्थान ते शाळा अंतर' असा रकाना होता आणि लांबून येणाऱ्याला गाडी आधी, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. मग काय विचारता! घरातून निघताना मीटरचा फोटो, शाळेच्या फाटकाशी मीटरचा फोटो, घराचं लाइट बिल, सगळं जय्यत. अंतराच्या रकान्यात आकडा लिहून पुढे 'अक्षरी एकतीस' असंही लिहिलं, कुणी मागितलं नसताना. घरी पोर्चमधल्या कुंड्या हलवून गाडीला जागा केली, चार्जिंगसाठी स्वयंपाकघरातून वायर ओढून घेतली. ती वायर दोनदा पायात आल्यावर बायको म्हणाली, आधी गाडी तरी येऊ द्या. मी म्हटलं, तुला सरकारी कामातलं काय कळतं.

आता इथे आमच्या जमातीची एक खोड सांगायला पाहिजे. ऑफिसाने चार कागद मागितले तर आम्ही चौदा जोडतो. एखादा कमी पडला म्हणून परत हेलपाटा नको, जादा असलेला बरा. माझ्याकडे एक जाडजूड फाईल आहे, नेमणुकीच्या आदेशापासून सगळं तिच्यात. ती मी अख्खी झेरॉक्सवाल्याकडे दिली, प्रत्येक पानावर झोकात सही ठोकली, आणि गठ्ठा तालुक्याच्या ऑफिसात नेऊन आदळला. माझ्याएवढा जाड अर्ज तिथे कुणाचाच नव्हता. परत येताना मी गाडीवर चक्क गाणं म्हणत होतो.

आठ दिवसांनी तिथल्या क्लार्कचा फोन आला, येऊन जा म्हणून. मला वाटलं, गाडीचा रंग विचारतील. क्लार्क माझ्या पोराच्या वयाचा, सभ्य. त्याने माझ्याच गठ्ठ्यातले दोन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक माझा अर्ज. दुसरा ग्रामपंचायतीचा दाखला, की हे शिक्षक शाळेच्या गावातच मुक्कामी राहतात.

"सर, तुम्ही गावातच राहता," तो म्हणाला. "मंग एकतीस किलोमीटर रोज कुठून येता?"

मास्तराने शाळेच्या गावात राहावं असा नियम आहे, आणि राहतो असा दाखला दिला की घरभाडे भत्ता मिळतो. दाखला मी दरवर्षी आणत होतो, राहायचं तेवढं राहून जात होतं. तोच दाखला मी माझ्या हाताने, माझ्या सहीनिशी अर्जाला जोडून दिला होता. पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले, पण त्याच्या झेरॉक्सवर सही करून देणारा मीच.

क्लार्कने आवाज न चढवता सांगितलं, दोनातला एक कागद खोटा आहे. अर्ज खोटा असेल तर तुमच्यावर येईल, दाखला खोटा असेल तर सरपंचांवरही येईल. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या.

बाहेर येऊन मी चहा घेतला, आणि सांगायला लाज वाटते, चहा संपायच्या आत माझा खुलासा तयार होता, तो असा: सरपंचबाईंनी न वाचता सही केली. दाखल्यात काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, मीही बघितलं नाही. बस्स, दोघंही सुटलो. कोण मानणार नाही? बाई साठीच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. सरपंचपद आलं तेव्हा अंगठा लावायची लाज वाटते म्हणून आमच्या शाळेत संध्याकाळच्या साक्षरता वर्गाला यायला लागल्या. दीड वर्ष मीच त्यांना शिकवलं. त्यांची सही माझ्याच हाताखाली तयार झालेली. आणि तीच सही आता बिनकामाची होती असं मी लिहून देणार होतो.

तसाच गाडी हाणत गावात गेलो. सरपंचबाई, म्हणजे आमच्या आक्का, ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो, मग हळूच विषय काढला, की त्या दाखल्यावर तुम्ही घाईत, न वाचता सही केली असेल, नाही का?

आक्कांनी चष्मा वर केला. "वाचूनच केली की, गुर्जी. तुमीच सांगितलं ना, वाचल्याबिगर सही करायची न्हाई."

मी उगाच तुरीतला एक खडा वेचला.

"त्यात लिव्हलं व्हतं, गुर्जी हितं मुक्कामी राहतेत. म्हणलं, आता येतील राह्याला. तवापासून मागली खोली झाडून ठिवते."

त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि मला मागे नेलं. पुण्याला गेलेल्या मुलाची खोली. सारवलेली जमीन, बाज, बाजेवर घडी घातलेली वाकळ, कोपऱ्यात झाकण घातलेला माठ. माठ भरलेला होता. बाहेरून ओला होता. साक्षरता वर्ग संपल्यापासून दोन वर्षं मी या घरावरून रोज दुपारी चारला गाडी पळवत होतो, अंधाराच्या आत जालना गाठायला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळं सांगून टाकलं. गाडी, फोटो, क्लार्क, आणि चहाच्या टपरीवर काय ठरवून आलो तेसुद्धा. आक्का ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच विचारलं, "मंग माझी सही खोटी पडली का?"

"सही नाही, आक्का. मी खोटा पडलो."

खुलाशात मी तसंच लिहिलं. दाखला मी मागून घेतला, राहायला येतो असा समज मीच करून दिला, सरपंचांचा दोष नाही. क्लार्कने तो दोनदा वाचला आणि बराबर आहे म्हणाला. आक्कांना काही झालं नाही. माझा भत्ता परत गेला, लेखी ताकीद आली, गाडी अर्थातच बिलकुल नाही. कुंड्या परत जागेवर ठेवत होतो, तेव्हा बायकोने चार्जिंगची वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली, तेच जास्त लागलं.

आता सोमवारी सकाळी तीच म्हातारी मोटारसायकल किका खाऊन निघते आणि शनिवारी सकाळची शाळा करून दुपारी परत येते. मधले पाच मुक्काम त्या खोलीत. शाळा दोन मिनिटांवर, तरी दोनदा घंटा माझ्याआधी झाली.

यंदा पुन्हा दाखल्याची वेळ आली. ग्रामसेवकाने नेहमीचा मजकूर टाइप करून समोर ठेवला. आक्कांनी एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचायला घेतलं, मी परीक्षेला बसल्यासारखा उभा. 'मुक्कामी राहतात' या शब्दांवर बोट थांबलं. त्यांनी कागद ग्रामसेवकाकडे परत सरकवला.

"शनवार-आयतवार सोडून," त्या म्हणाल्या. "तेवढं लिव्हा. मंग करते सही."