सायकल हातात धरून

गिरणी सुटली की आमच्या खात्यातला फिटर आणि मी, दोघं सायकलींवर एकाच रस्त्यानं परत यायचो. तो आमच्यासारखाच वऱ्हाडी बोले, फक्त आजोबांना तातय्या म्हणे. गिरणीच्या कामासाठी तेलंगणातून आलेल्या लोकांचा गल्लीबोळांचा एक मोहल्ला होता, तिथं तो वाढला. पुढं मोहल्ला पाडून तिथून रुंद डांबरी रस्ता काढला आणि माणसांना गावाबाहेर क्वार्टर दिले. तिथं पहिल्याच उन्हाळ्यात त्याचा तातय्या वारला.

त्या रस्त्याला लागलं की फिटर खाली उतरे. मागून ट्रकवाले हॉर्न मारत, पण हा सायकल हातात धरून, मान जराशी खाली घालून, जिथं मोहल्ला संपायचा त्या कडुनिंबापर्यंत चालत जाई आणि मगच पुन्हा पायडल मारी. रोज माझा खोळंबा व्हायचा. एकदा चिडून विचारलं, "इथं काहून उतरतं गा?"

"म्हातारे बसून राह्यते ना ओट्यावर. त्यायच्या समोरून सायकलवर बसून जावं का?"

"आता कुठं आहेत ओटे?"

"नाहीत, मले मालूम आहे," तो शांतपणे म्हणाला. "तुले घाई असंल तर तू जाय समोर."

मी गेलो नाही. उतरून त्याच्या मागं चालू लागलो. थोडं पुढं गेल्यावर त्यानं हँडल वळवलं आणि मागं न बघता म्हणाला, "जरा बाजूनं घे. आमचा तातय्या पाय लांब करून बसते."

समोर नुसतं डांबर होतं. मी सायकल बाजूनं घेतली.