मामांच्या गुडघ्यातली परांची

आमच्या मामांनी वाजवून पाहिली नाही अशी वस्तू शहापूर-मुरबाड तालुक्यांत शिल्लक नसेल. मामा गवंडी. बोटाच्या पेराने टकटक करून ऐकल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नाही. भिंत, फरशी, कलिंगड, सगळं आधी वाजवायचं. माझ्या बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा पाठ थोपटायच्या निमित्ताने त्यालाही वाजवला आणि आत येऊन म्हणाले, "भरीव हाय. द्या."

उभा जन्म बांबूंच्या परांचीवर गेला, पण पडले कुठे? मुरबाड स्टँडवर, उभ्या जीपच्या पायरीवरून. "निदान चालती तरी व्हती सांग लोकांना," अशी मला तंबी. गुडघ्याखालचं हाड चेपलं होतं. कल्याणच्या डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू बसवले, आतली पोकळी हाडाच्याच जातीच्या कृत्रिम दाण्यांनी भरली. 'पोकळी' ऐकून मामांचा चेहराच पडला. डॉक्टर बिचारे समजावत बसले: दाण्यांना बारीक छिद्रं असतात, त्यांत रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्या आधाराने नवं हाड धरतं आणि दाणे हळूहळू विरघळून जातात.

"म्हंजे परांची!" मामा खाटेवरून ओरडले. "बांबू लावायचे, काम वर न्यायचं, मंग बांबू काढायचे. हितं आपलेआप जातात एवढंच!"

डॉक्टर खूश झाले. घोटाळा तिथेच झाला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मामा तांब्याने बँडेजवर पाणी ओतताना सापडले. "ताज्या कामाला पाणी नको मारायला?" मामींनी कपाळावर हात मारला. "अवो, ती भिंत नाय, तंगडी हाय!"

पुन्हा कल्याणला नेलं, तर डॉक्टर भडकले. जखम चिघळली तर दाणे काढावे लागतील, मग परांचीवर चढणं विसरा, म्हणाले. परतताना मामांनी माझा हात धरला. "चढायला नाय मिळालं तर मी करू काय रे?" त्यांना एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

नशिबाने जखम सुकली. पुढे तीन महिने पायावर भार द्यायचा नव्हता, तो मात्र त्यांनी तसूभरही दिला नाही. शेजारी म्हणाला, चाला हो थोडं. मामा उसळले, "तुझ्या स्लॅबचे टेकू काढू का दुसऱ्या दिशी?"

दीड वर्षाने एक्सरे काढला. हाड भरलं होतं, दाणे कुठेच दिसेनात. "आमचा माल गेला कुठं?" मामांनी विचारलं.

"त्याचं हाड झालं. चढा आता, पण जपून."

एवढी आनंदाची बातमी, पण आमच्या आसनगावला उतरेपर्यंत मामा गुडघाच वाजवत बसले. मग म्हणाले, "चांगली परांची व्हती. खूण पण नाय राह्यली बघ तिची."

मी चौथीत असताना वडील गेले. बाराव्यापुरते म्हणून आलेले मामा नऊ वर्षं राहिले. मला नोकरी लागली, त्या सोमवारी थैली उचलून, चहासुद्धा न घेता मुरबाडला निघून गेले. थांबा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

"मामा, आज आमच्याकडंच राहा," मी म्हटलं.

"का? काय काम निघालंय?"

"काही नाही."

"काम नाय, मंग कशाला?" असं पुटपुटत त्यांनी दारात चप्पल काढली, आत येऊन भिंत वाजवली आणि चहा टाकायला सांगितला.