दार कुणासाठी उघडलं

वीस वर्षं मी परभणीत मुलांना भूगोल शिकवतेय, आणि वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले की टॉर्नेडो आपल्याकडे होत नाही. आपल्याकडे वावटळ. पाचोळा उडवते, डोळ्यांत धूळ घालते आणि जाते. बोलायला काय जातं! एप्रिलमधल्या एका दुपारी तो माझ्यापासून हाकेच्या अंतरावर उतरला.

जिंतूर रोडकडच्या एका वस्तीतून स्कूटीवर येत होते. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच असे बांधलेले, बाई का बाप्या ओळखू येत नाही. आभाळ काळं नव्हतं, हिरवट होतं. त्यातून एक सोंड खाली आली, जमिनीला टेकली, आणि एका गोठ्याचे पत्रे गिरक्या घेत वर गेले. रिकामी गिरणी चालावी तशी घरघर. माझी पाचावर धारण बसली. गाडी टाकली आणि समोरच्या घराचं दार दोन्ही हातांनी बडवायला लागले. "उघडा! अहो, उघडा ना!"

आतून एका बाईचा आवाज आला, "थांबा, काढते कडी."

तिनं दार उघडलं आणि वारा आत शिरला. छताखालचा लोखंडी अँगल पत्र्यांसकट उचलला गेला. आमच्याकडे लेकराचा झोका त्याच अँगलला बांधतात. घरोघर बांधतात. मी शिकवलेल्या पोरीही बांधत असतील, आणि मी वर्गात जगभरचे वारे शिकवले, पण छताला झोका बांधू नका असं कधी म्हटलं नाही. त्या झोक्यात तिचं सहा महिन्यांचं लेकरू होतं. ते पत्र्यांबरोबर गेलं.

वाऱ्यानं मला फेकलं होतं, दारासमोरच्या नालीत मी पालथी पडले होते. वारा गेला तसा तिचा हंबरडा ऐकू आला. उठून तिच्याजवळ जायला हवं होतं. मी आडवी पडलेली स्कूटी उचलली आणि पळाले. त्याला दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

लेकरू वाचलं. हे मला दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिपाईमामांनी सांगितलं, ते त्याच वस्तीतले. घरामागं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता, त्यावर ते झोळीसकट अडकलं. पाय मोडला, एवढंच. 'एवढंच' म्हणायला माझं काय जातंय! पण मामांनी पुढचंही सांगितलं. "सासरचे म्हणायलेत मॅडम, सुनंनं भर वाऱ्यात दार उघडलं. ती म्हणती, एक बाई आलती. गल्लीतला एकजण म्हणतो, तोंड बांधलेला बाप्या गाडीवर पळताना बघितला." झालं! नवरा गप्प. लेकराचं प्लास्टर निघालं की सुनेला येलदरीकडं माहेरी धाडायचं आणि लेकरू इथंच ठेवायचं, असं सासूनं ठरवून टाकलं होतं.

आणि मी काय केलं? संशोधन केलं!

पंचनाम्यात सगळीकडे नुसतं 'वादळी वारा' लिहिलेलं पाहून माझं डोकं सणकलं. शहरावर एवढा भोवरा उतरला आणि कागदावर नुसता वारा? नकाशा घेऊन गल्लीगल्ली फिरले. कुठलं झाड कुणीकडं पडलं, पत्रा कसा पिळला, विजेचा खांब कुठं वाकला, सगळ्यांचे बाण काढले. लोकांना पत्रे पुन्हा चढवायची घाई, आणि मी त्यांच्यावर खेकसायची, "अहो, दोन मिनिटं थांबा, फोटो तर काढू द्या!" एका म्हाताऱ्यानं सुनावलं, "फोटूनं सावली पडती का, बाई?" एका अरुंद पट्ट्यात एका बाजूची झाडं पूर्वेला पडलेली, दुसऱ्या बाजूची पश्चिमेला. वारा गोल फिरल्याचा पुरावा पक्का होत होता. त्या एका घरापाशी मात्र नकाशा कोरा. त्या गल्लीच्या तोंडाशी पोचले की मी तिथूनच वळायची.

हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका जुन्या मित्राला फोटो पाठवले. तो म्हणाला, "बाण छान आहेत. पण सोंड जमिनीला टेकताना जवळून पाहिलेलं कुणी सापडलं का?"

"शोधतेय," मी म्हणाले. काखेत कळसा अन् गावाला वळसा! खिडकी आपटली तरी दचकायची. नोकरी, पोलीस, लोकांची तोंडं, सगळं डोळ्यांपुढं यायचं. मी वाऱ्याला भीत होते की त्या दाराला, मलाच कळत नव्हतं.

तीन आठवड्यांनी शिपाईमामा म्हणाले, "उद्या प्लास्टर काढायलेत लेकराचं." त्याच दुपारी गेले.

सासू दारातच बसली होती, मांडीवर लेकरू, त्याच्या पायाला प्लास्टर. सून बाजूला भांडी घासत होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मी घाईघाईनं नकाशा उलगडला. "मावशी, हे बघा. पंचनाम्यात लिहिलंय, तुमच्या दोन्ही बाजूची घरं कुलूपबंद होती. त्यांचेही पत्रे गेले. दार बंद असतं तरी तुमचं छत राहिलं नसतं." खोटं नव्हतं ते. पण एवढ्यावर भागलं तर बरं, असंच मनात होतं.

सासूनं नकाशाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "असंल, बाई. पत्र्याचं कोण बोलायलंय? पत्रे नवे आले. दार कुणासाठी उघडलं, ते बोला."

"बाई होती म्हनलं ना," सून भांड्याकडं बघतच म्हणाली.

"कोन बाई? कुठं हाय ती? तीन हप्ते झाले, आली का म्होरं?"

मी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "मी होते, मावशी. दार मीच बडवलं. आणि पळाले तीही मीच."

आता ही शिव्या घालणार, गल्ली गोळा करणार, म्हणून मी अंग चोरून बसले. सासू लेकराच्या प्लास्टरवरून हात फिरवत राहिली. मग उठली, सुनेचे हात राखेनं भरलेले होते तरी लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं, आणि आत निघून गेली.

सुनेनं पदराला हात पुसले. लेकराला जवळ घेतलं.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "चारच दिसांनी तुमी गल्लीच्या तोंडाला लोकांवर वरडायलता, थांबा म्हनून. तवाच आवाज वळखला."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"माझं कोन खरं धरायलंय, बाई? रोज वाटायचं, आज येताल." तिनं दाराकडं पाहिलं. "दुपारची कडीच लावत न्हवते मी."