धुराविना कडक भाकरी

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीला करमणुकीची ददात नव्हती. शेजारी गंगाक्का होती. चुलीवर कडक भाकऱ्या भाजून विकायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायचं, हे तिचे दोन धंदे. कुणी ओट्याला सायकल टेकवली की ती मराठीत सुरू व्हायची आणि रंगात आली की कानडीत शिरायची. मी खिडकीतून मुद्दाम काडी टाकायचो, "अक्का, आज आवाज बारीक?" की झाला माझा उद्धार सुरू.

मागच्या दिवाळीनंतर मात्र तिच्या शिव्या मधेच तुटायला लागल्या. "मुडद्या... तुला..." म्हणून ती चौकट धरायची, तोवर सायकलवाला पसार. पाण्याची घागर अर्ध्या वाटेत खाली ठेवायची. गल्लीनं आपापली निदानं काढली: वय, वजन, दृष्ट.

"दृष्ट कुणाची असंल गं?" मी विचारलं.

"तुजीच," ती म्हणाली आणि गप्प बसली. एका शब्दात सुटका? मला काळजीच वाटली.

तिची सून दानेश्वरी आणि मी तिला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंचा पहिलाच प्रश्न, "विडी ओढता का?"

"गळ्यात लिंग हाय माझ्या, विडीला शिवंन व्हय मी! तूच... वडत असशील!"

बाई हसल्या. दम हृदयामुळंही लागतो, रक्त कमी असलं तरी लागतो, म्हणून त्यांनी आधी ते तपासलं. मग एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं. अक्का लाल झाली, पण फुंकर काही पुरती बाहेर पडेना.

"चुलीवर किती वर्षं?"

"लगीन झाल्यापासनं की."

"मग विडी न ओढताही भरपूर धूर ओढलात. फुप्फुसातल्या बारीक नळ्या त्यानं सुजून अरुंद झाल्यात. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. जुनी हवा कोंडलेली, नवी मावणार कुठं?"

अक्कानं विचार केला. "म्हंजे भाकरी टम्म फुगली, पर वाफ आतच ऱ्हायली."

"अगदी तसंच. झालेलं नुकसान भरून येणार नाही. तोंडानं ओढायच्या औषधाच्या पंपानं नळ्या थोड्या मोकळ्या होतील, पण चूल चालू ठेवलीत तर आजार वाढतच जाणार."

अक्का पंप घ्यायला लागली, चूल सोडायला तयार नव्हती. "गॅसवरची कडक भाकरी कोण खाईल? गिऱ्हाईक तोंडावर मारंल." पेठेत तिचं नाव होतं ते त्या भाकरीवर. नाव राखायचं की श्वास, यात ती नावाच्या बाजूनं होती.

मग ती भाचीच्या लेकीच्या बारशाला मंद्रूपला गेली आणि मला खोडी सुचली. तिप्पण्णाच्या खानावळीची ऑर्डर दानेश्वरीनं गॅसवर केली. पहिल्या भाकऱ्या चपातीसारख्या वाकल्या, त्या मी खाल्ल्या. पुढच्या मंद आचेवर, दमानं, खडखडीत वाळल्या. तिप्पण्णानं निमूट घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागवल्या.

माझ्या पोटात गुपित राहत नाही. अक्का परतल्या परतल्या मी सांगून टाकलं आणि शिव्या खायला तयार राहिलो.

ती ओट्यावर बसली. "तिप्पण्णाला कळलं न्हाई?"

"न्हाई."

"खरं सांग, सयाजी."

"आणखी मागवल्यात, अक्का."

तिनं चुलीकडं बोट केलं. "मग इतकी वर्सं... मी धूर खाल्ला, ते कुणासाटी?"

मी गॅसवरच्या भाकऱ्यांची टोपली तिच्यापुढं सरकवली.

तिनं एक भाकरी उचलली, कानाजवळ धरून मोडली, चावली. "कड कच्ची हाय." मग दानेश्वरीला म्हणाली, "खिडकी उघड. गॅस पेटव." ओठांचा चंबू करून, डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणं सावकाश श्वास सोडत ती शेगडीशी उभी राहिली. "फिरव. आता कडेला आच दे. घाई... करू नगं."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून चूल फोडून घेतली. लाकडांची मोळी माझ्या दारात ढकलत म्हणाली, "घे, बंबाला."

"नको. माझ्या बायकोलाबी छाती हाय."

"मग इकू?"

"इकत घेणाऱ्यालाबी असंल की."

अक्का मोळीकडं बघत थांबली. "व्हय की," म्हणाली, आणि मोळी जिन्याखाली सरकवून आत भाकरी थापायला गेली.